समुपदेशनातला उपदेश

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'समुपदेशन' हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. शाळेत समुपदेशक असतो, कुटुंब न्यायालयात असतो, एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या सरकारी केंद्रात असतो. ज्या कोणी हा शब्द घडविला त्याचा हेतू चांगलाच असणार. परंतु शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसला आहे आणि तो तेथे स्वस्थ बसत नाही. समुपदेशकाकडे जायचे म्हणजे कोणीतरी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार, धीर धरा म्हणणार, दारू सोडा म्हणणार, सासूशी जुळवून घ्या म्हणणार, अशीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या विद्येतील जाणत्यांनी गेली ऐंशी वर्षे ज्या एका मोहापासून स्वतःला आवरण्याचा प्रयत्न चालविला आहे, तो मोह म्हणजे उपदेशाचाच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा 'रुग्ण' हा शब्द बाजूला ठेवून त्यांनी 'क्लायंट' हा शब्द घेतला. आलेला माणूस हा दुरुस्तीला टाकलेला नग नाही. कोठे दुखते हे त्यालाच ठाऊक असते आणि कोणत्या वाटेने जायचे हेही अखेर त्यानेच ठरवायचे असते, हा त्यामागचा विचार. मराठीत या शब्दाची पंचाईत होते. 'अशील' म्हणावे तर अशील आपली बाजू वकिलावर सोपवून मोकळा होतो. 'ग्राहक' म्हणावे तर तो पैसे टाकून माल घेतो. येथे यांपैकी काहीच घडत नाही. म्हणून या व्याख्यानापुरते साधे 'आलेला माणूस' म्हणणे बरे.

कार्यकर्त्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गाऱ्हाणे घेऊन माणसे त्याच्याकडे रोज येतात. परंतु पुष्कळदा असे होते की, आलेल्या माणसाचे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच कार्यकर्त्याच्या मनात अर्जाचा मसुदा तयार झालेला असतो. तहसीलदाराला द्यायचा अर्ज तयार होतो, मोर्चाची तारीखही ठरते, आणि तो माणूस घरी जाऊन पूर्वीसारखाच छताकडे पाहत रात्र काढतो. ऐकणे हे वेगळे काम आहे, त्याची काही रीत आहे, आणि ती शिकावी लागते. ही रीत कशी असते हे पाहण्यासाठी पुस्तकी व्याख्यांपेक्षा एका जागेची हकीकत सविस्तर पाहणे उपयोगाचे होईल. ती जागा म्हणजे झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील म्बारे ही जुनी कष्टकरी वस्ती.

२००५ च्या मे महिन्यात झिम्बाब्वेच्या सरकारने शहरांतील झोपड्या, वाढीव खोल्या, टपऱ्या आणि फेरीवाल्यांचे ठेले जमीनदोस्त करण्याची मोहीम काढली. मोहिमेचे नाव 'मुरांबात्स्विना', म्हणजे साधारणपणे 'घाण हाकलून द्या'. घाण कोणाला म्हटले होते हे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूत ॲना तिबायजुका यांनी त्याच वर्षी दिलेल्या अहवालात सुमारे ७ लाख माणसांनी घर, रोजगार किंवा दोन्ही गमावल्याचा अंदाज दिला. म्बारेमध्ये मोठा बाजार आहे आणि त्या बाजारावर जगणारी हजारो कुटुंबे आहेत. तडाखा त्यांनाही बसला. एचआयव्हीची साथ, बेरोजगारी आणि चलनवाढ ही संकटे आधीच होती, त्यात ही भर पडली.

त्या काळात डॉ. डिक्सन चिबांडा हे हरारेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत होते. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यांच्या उपचाराखालील एका तरुणीने आत्महत्या केली. तिला पुन्हा रुग्णालयात आणायला हवे होते. ते घरच्यांनाही कळत होते. परंतु गावाहून शहरातील रुग्णालयापर्यंतच्या बसभाड्याचे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. चिबांडा यांनी ही गोष्ट पुढे जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. औषध होते, डॉक्टर होता, निदान झालेले होते. आणि या सर्वांच्या आणि त्या मुलीच्या मध्ये बसचे तिकीट उभे होते.

रुग्णालयाने वस्तीत गेले पाहिजे, हे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. पैसा नाही, खोली नाही, परिचारिका नाहीत, असे उत्तर आले. मिळाले ते एवढेच: दवाखान्याबाहेरची मोकळी जागा आणि महापालिकेच्या आरोग्यखात्याच्या १४ वयस्क सेविका. वस्तीत लसीकरणाची, क्षयाची, स्वच्छतेची माहिती देत फिरणाऱ्या या बायका. लोक त्यांना आजी म्हणत. मानसशास्त्राचा गंध त्यांना नव्हता. २००६ साली त्यांच्या भरवशावर एक लाकडी बाक झाडाखाली मांडला गेला.

डॉक्टरांनी त्याला नाव दिले 'मानसिक आरोग्याचा बाक'. परिणाम असा झाला की, बाकावर कोणी बसेना. दिवसाढवळ्या, शेजारणी पाहत असताना, वेड्यांच्या बाकावर कोण बसणार? तेव्हा आजींनीच नाव बदलायला लावले. शोना भाषेत ते नाव 'चिगारो चेकुपानामाझानो' असे आहे. इंग्रजीत त्याला मैत्रीचा बाक, 'फ्रेंडशिप बेंच' म्हणतात. परंतु मूळ अर्थ त्याहून नेमका आहे: एकमेकांना मसलत देण्याचा बाक. आपल्या 'समुपदेशना'त एक देणारा आणि एक घेणारा आहे. त्या शोना शब्दात देवाणघेवाण आहे.

नावाप्रमाणेच रोगाच्या भाषेचेही झाले. 'डिप्रेशन' या शब्दाला म्बारेत अर्थ नव्हता. लोक म्हणत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, विचाराने डोके पोखरणे. १९९० च्या दशकात हरारेमध्ये संशोधन करीत असलेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे स्थानिक सहकारी यांनी लोकांच्या अशाच बोलींतून १४ प्रश्नांची एक यादी तयार केली होती. गेल्या आठवड्यात अति विचार येत होते का? क्षुल्लक गोष्टीवरून संताप झाला का? झोप लागत नव्हती का? रडू आले, किंवा रडावेसे वाटले का? काम मागे पडत होते का? काय करावे हे ठरविणे जड गेले का? प्रत्येकाचे उत्तर फक्त होय किंवा नाही. बाकावरची आजी याच यादीने सुरुवात करते. प्रश्न साधे वाटतात, पण त्यांचे एक मोठे काम असते. पाचसहा प्रश्नांना 'होय' म्हणता म्हणता बसलेल्या बाईच्या ध्यानात येते की, जे आपल्याला होते आहे ते कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे. म्हणजे ते इतरांनाही होत असले पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. समजा, तिशीची एक बाई बाकावर आली. बाजारात भाजी विकते. नवरा मजुरीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला आहे, त्याचे पैसे येईनासे झाले आहेत. तिला एचआयव्हीची बाधा आहे, गोळ्या मध्येच चुकतात. खोलीचे भाडे थकले आहे. मुलीला शाळेने फीसाठी घरी पाठविले आहे. नणंद दारात येऊन बोलून जाते. यादीतील १४ पैकी ११ प्रश्नांना तिचे उत्तर 'होय' आहे.

पहिल्या टप्प्याला आजी 'कुव्हुरा फुंग्वा' म्हणतात, म्हणजे मन उघडणे. ही पहिली बैठक तासाभराची. तीत आजीने करायचे ते एवढेच की, बाईला बोलू द्यायचे, आणि ऐकले ते तिलाच आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचे. भाड्याचे असे आहे, नवऱ्याचे असे आहे, मुलीचे असे आहे, बरोबर ना? बाई म्हणते, नाही, नवऱ्याचे तसे नाही. आजी पुन्हा सांगते. हे उलटसुलट सांगणे वरवर निरर्थक वाटते. परंतु रात्रभर एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या विचारांचा गुंता या रीतीने मोजता येणाऱ्या पाचसहा गोष्टींमध्ये सुटा होतो. ज्याला गाठींचे सूत सोडवायची सवय आहे त्याला हे लगेच कळेल: ओढून सूत सुटत नाही, आधी टोक शोधावे लागते.

मग आजी विचारते: यांतले आधी कोणते घ्यायचे?

साऱ्या पद्धतीचा कस या प्रश्नात लागतो. डॉक्टर असता तर त्याने गोळ्या निवडल्या असत्या. स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्तीने नवरा निवडला असता. आपण कदाचित घरभाडे निवडले असते आणि मालकाच्या दारी दहा माणसे नेली असती. ती बाई निवडते मुलीची फी. आणि आजी तेच घेते. गोळ्यांचे महत्त्व आजीला कळत नाही असे नाही. तिने आयुष्यभर तेच काम केले आहे. परंतु ज्या माणसाचा आपल्या कोणत्याच गोष्टीवर ताबा उरलेला नाही, त्याच्याकडून निवडीचा एवढासा हक्कही काढून घेतला, तर बाकी सगळे खरे असूनही व्यर्थ जाते. पोरगी शाळेत परत गेली, ते आपल्या हाताने झाले, एवढे घडले की गोळ्यांकडे वळायला जीव उरतो. क्रम बाहेरून ठरविणाऱ्याला हे गणित मांडता येत नाही.

दुसरा टप्पा 'कुसिमुद्झिरा', उचलून धरणे. फीसाठी काय काय करता येईल, हे बाईनेच सांगायचे. ती म्हणते, काहीच करता येणार नाही. आजी थांबते. थोड्या वेळाने बाई म्हणते, मुख्याध्यापकाला भेटून हप्ते मागता येतील. आणखी काय? चुलत भावाकडे मागता येतील. आणखी? बाजारातल्या बायकांच्या भिशीत नंबर आधी मागता येईल. या वाटांपैकी एक ती निवडते. आजी त्या वाटेचा पिच्छा पुरविते: कोणत्या दिवशी जाणार? एकटीच जाणार की कोणाला घेऊन? काय बोलणार, ते आताच एकदा बोलून दाखव. मोघम निश्चयाला बाकावर किंमत नाही. 'बघते' म्हणून उठलेली बाई पुढच्या आठवड्यात तशीच परत येते, हे आजींना अनुभवाने ठाऊक असते.

तिसरा टप्पा 'कुसिम्बिसा', बळकट करणे. पुढल्या आठवड्यात बाई परत येते. जमले असेल तर पुढची गोष्ट घेतात. जमले नसेल तर दोष देणे नाही. पाऊल कोठे मोठे पडले हे शोधायचे आणि ते लहान करायचे. अशा साधारण सहा बैठका. त्यानंतर बाईला 'कुबाताना तोसे', म्हणजे हात हातात धरून, अशा नावाच्या गटात यायचे निमंत्रण असते. तेथे आधी बाकावर बसून गेलेल्या बायका एकत्र बसून टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात. पिशव्या विकून चार पैसे येतात, आणि विणता विणता बोलणे होते. दुःख सांगणारीच आता दुसरीचे ऐकते. एकटीने सुरू झालेले काम येथे गटाचे होते. संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसांना या टप्प्याचे अप्रूप वाटू नये, पण कुतूहल नक्कीच वाटावे. कारण येथे गट शेवटी येतो, आरंभी येत नाही.

आजीला मर्यादाही शिकविलेल्या असतात. १४ प्रश्नांमध्ये एक प्रश्न जीव द्यावासा वाटला का, असा आहे. त्याला 'होय' आले, किंवा बाई भलतेसलते ऐकू येते म्हणाली, की आजी ती बाब स्वतःच्या पदरात ठेवीत नाही. वरच्या प्रशिक्षित माणसाकडे नेते, गरज असेल तर डॉक्टरपर्यंत. आपण डॉक्टर नाही हे आजीला पक्के माहीत असते. पुष्कळ पदवीधरांना आपण काय नाही हे इतके स्पष्ट माहीत नसते.

याने खरोखर फरक पडतो का, हे तपासले गेले. हरारेच्या २४ दवाखान्यांमध्ये ५७३ माणसांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. सहा महिन्यांनंतर, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ४९.९ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसून गेलेल्यांत हे प्रमाण १३.७ टक्के होते. सहभागी झालेल्यांपैकी शंभरात सुमारे ८६ स्त्रिया होत्या आणि दर पाचांत दोघांना एचआयव्हीची बाधा होती. पुरुष बाकावर का येत नाहीत, हा प्रश्न तेथेही उरलाच.

या कामाचा एक धागा आपल्याकडे पोहोचतो. प्रश्नांची ती यादी करणारे विक्रम पटेल हे मूळ मुंबईचे. हरारेहून ते गोव्यात आले आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी 'संगत' ही संस्था सुरू केली. गोव्यात 'कुफुंगिसिसा'ची जागा एका शब्दाने घेतली. तो शब्द 'टेन्शन'. शब्द इंग्रजी खरा, पण कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या माणसाने त्याला असे काही आपलेसे केले आहे की, 'मला मनाचा आजार आहे' हे ज्याच्या ओठावर मरेपर्यंत यायचे नाही तोही 'टेन्शन आहे' एवढे सहज सांगतो. तेथील 'मानस' या प्रकल्पात स्थानिक सुशिक्षित स्त्रियांना दोन महिन्यांचे शिक्षण देऊन दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसविले गेले. २४ दवाखाने घेतले होते, १२ सरकारी आणि १२ खाजगी. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते, एरवीच्या सेवेत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही. जेथे डॉक्टरला मान वर करून पाहायला वेळ नसतो त्याच ठिकाणी ऐकणाऱ्या माणसाची किंमत सर्वांत अधिक, असा याचा अर्थ लावता येईल. सरकारी आरोग्य केंद्र निकामी म्हणून सोडून द्या म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

पुढे गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी सहा ते आठ बैठकांची एक पद्धत तपासली गेली. तिचा गाभा फार साधा आहे. माणूस म्हणतो, मन लागले की कामाला लागेन. समुपदेशक हा क्रम उलटा करून पाहायला सांगतो. पूर्वी काय केले की बरे वाटायचे? देवळापर्यंत चालत जाणे, समुद्रावर बसणे, शेजाऱ्याशी पत्ते खेळणे? त्यातले एक, लहानसे, मन नसतानाच करून बघायचे आणि संध्याकाळी कसे वाटले ते टिपून ठेवायचे. येथेही सक्ती नाही, व्याख्यान नाही. आणि समुपदेशकांच्या बाबतीत एक चांगली प्रथा होती: बैठका ध्वनिमुद्रित होत आणि समुपदेशक एकत्र बसून एकमेकांचे काम ऐकून त्यावर गुण देत. आपण किती वेळा मध्येच तोंड घातले, हे स्वतःच्या कानांनी ऐकण्यासारखी दुसरी शिकवणी नाही. या पद्धतीने तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. एरवीच्या सेवेत ३९ टक्के.

विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, अशाच स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने 'विश्राम' हा उपक्रम झाला. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीडेक वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. परंतु पहिला आकडा पुन्हा वाचावा. ज्या भागातील शेतकरी आत्महत्यांवर वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले गेले, मोर्चे निघाले, त्या भागात मनाने खचलेल्या शंभर माणसांपैकी चारच जण कोणाकडे तरी पोहोचत होते. कर्जमाफीची मागणी योग्यच होती आणि आहे. पण आज रात्री ज्याला झोप लागत नाही त्याच्या दारात कोणी गेले नव्हते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. भाडे थकले म्हणून, पीक गेले म्हणून, घर पाडले म्हणून माणूस खचतो. मग उपाय घराचा आणि भावाचा करायचा की बाकाचा? झोपड्या पाडणाऱ्या सरकारला बाक सोयीचाच नाही का? अन्यायाचे रूपांतर आजारात करायचे, आणि लढणाऱ्याला समजूत काढून घरी पाठवायचे! विक्रम पटेल स्वतः हरारेला गेले तेव्हा काहीशा अशाच समजुतीचे होते. दारिद्र्याने आणि विषमतेने होणाऱ्या त्रासाला पाश्चात्त्यांनी रोगाचे नाव दिले आहे, असे त्यांना वाटे. तेथील माणसांचे ऐकल्यावर त्यांचे मत बदलले.

परंतु या आक्षेपाचे खरे उत्तर एका क्रांतिकारकाच्या चरित्रात आहे. फ्रांत्झ फॅनॉन हे मानसोपचारतज्ज्ञ १९५३ साली फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात ब्लिदा येथील रुग्णालयात आले. १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. माणसाचे आपल्या भोवतालाशी तुटलेले नाते जोडून देणे हे मनोवैद्याचे काम. जेथे देशाचा मालकच आपल्या देशात परका करून ठेवला आहे तेथे हे काम कसे करायचे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. फॅनॉन यांची ही गोष्ट आपल्या वर्तुळात पुष्कळदा सांगितली जाते, आणि बहुधा राजीनाम्यापाशीच थांबते. पुढचा भाग असा की, ट्युनिसला जाऊन स्वातंत्र्ययुद्धात सामील झाल्यावरही फॅनॉन यांनी रोगी पाहणे सोडले नाही. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी दिवसा उपचार घेऊन रात्री घरी जाता येईल असा विभाग चालविला. क्रांतीचे वृत्तपत्र आणि तो विभाग ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच काळात केली. दोहोंपैकी एकाची निवड करा, असा आग्रह त्यांनी धरला नाही. तो आग्रह त्यांच्या वाचकांनी नंतर धरला.

बाकाची पद्धत नीट पाहिली तर ती अन्यायाला आजार म्हणतच नाही. त्या बाईच्या यादीत भाडे भाडेच राहते, नणंद नणंदच राहते. समजूत काढून घरी पाठविणे ही उपदेशाची रीत झाली. येथे बाई मुख्याध्यापकासमोर उभी राहायला जाते. मात्र भाड्याचा कायदा बदलणे बाकाच्या आवाक्यातले नाही, आणि बाकाने तसा दावाही करू नये. पाडलेले घर कोणत्याही आजीच्या ऐकण्याने परत उभे राहात नाही. हे न सांगता जो बाकाची स्तुती करतो त्याच्यापासून सावध राहावे.

आणि सरकारांना ही स्तुती फार आवडते, याचे कारण पैशाचे आहे. आपल्या देशात १२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य व तत्सम विकार असलेल्या शंभरांतील ऐंशीहून अधिक लोकांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. हक्क आणि वस्तुस्थिती यांतील ही दरी भरायला तज्ज्ञ नाहीत, हे खरे. म्हणून वस्तीतल्या बाईला शिकवा, हेही खरे. परंतु ती वस्तीतली बाई म्हणजे आपल्याकडे कोण? आशा. तिच्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, उदास वाटले का, असे दोन प्रश्न आधीच आले आहेत. तिचे अधिकृत नाव अजून 'स्वयंसेविका' आहे, आणि मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. जून २०२१ मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले ते याच कारणाने. तिच्या पिशवीत आणखी एक वही टाकायची, गावाचे 'टेन्शन' ऐकायला सांगायचे, आणि तिच्या स्वतःच्या 'टेन्शन'ला मानधनवाढीचे आश्वासन द्यायचे, हा समुपदेशनाचा प्रसार नव्हे. तासभर कोणाचे दुःख ऐकणे हे श्रम आहेत. गोव्यातल्या समुपदेशकांना देखरेख होती, आठवड्याला चर्चा होती. हरारेच्या आजींच्या मागे प्रशिक्षित माणूस उभा होता. वही आली आणि हे काही आले नाही, तर आठव्या घरी पोहोचेपर्यंत आशाही तक्ता भरून पुढे जाऊ लागेल, आणि त्याचा दोष तिला देता येणार नाही.

कार्यकर्त्याने यातून समुपदेशक बनावे, असे सुचवायचे नाही. आठ दिवसांच्या शिबिराने कोणी समुपदेशक होत नाही, आणि अर्धवट शिकलेला माणूस येथे अपाय करू शकतो. मात्र दोनचार गोष्टी त्याच्या हातातल्या आहेत. कोणी जीव द्यावासा वाटतो असे म्हणाले तर ते नाटक समजू नये, वाद घालू नये, त्याला एकटे सोडू नये. सरकारी रुग्णालयात सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, तो क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर असावा. तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशकाचे पद आहे का, भरले आहे का, तो माणूस आठवड्यातून किती दिवस बसतो, हे विचारायला तर कार्यकर्त्याहून अधिक लायक माणूस नाही.

राहिला प्रश्न जागेचा. हरारेचा बाक झाडाखाली, दवाखान्याच्या आवारात, सर्वांना दिसेल पण बोलणे ऐकू जाणार नाही अशा अंतरावर असतो. आपल्या तालुका कार्यालयांत बहुधा एकच खोली असते, तीत एक मोठे टेबल, सहासात खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर दिवसभर कोणी ना कोणी वर्तमानपत्र वाचीत बसलेले असते. बाई दारात येते, आत पाहते, 'रेशनकार्डाचे विचारायचे होते' म्हणते आणि रेशनकार्डाचेच विचारून जाते. टेबलापासून दूर, व्हरांड्याच्या टोकाला, दोन खुर्च्या आजही ठेवता येतील.